कोपऱ्यातला घास

फॅशन हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हसू नका, खरं सांगते. माझं पोट सगळं त्याच शब्दावर चाललं, तरी फिरतं. पुण्याला एका कपड्याच्या कंपनीत मी कितीतरी वर्षं सॅम्पल रूममध्ये होते. दुकानात जो कपडा लागतो त्याचा पहिला नमुना जिथे शिवतात ती खोली. डिझायनर कागदावर चित्र काढून आणायची, बाई नुसती हवेत उडते आहे असं. त्या चित्रातून चालता येईल, बसता येईल, हात वर करता येईल असा कपडा आम्ही मशीनवाल्या बायांनी काढायचा. गळा अर्धं बोट खाली घ्या. आता अर्धं बोट वर घ्या. असं करत सात-आठ नमुने व्हायचे आणि शेवटी पहिलाच पास व्हायचा. फोटोच्या दिवशी कपडा मॉडेलच्या अंगावर ढगळ बसला तर आम्ही मागून वाळत घालायचे चिमटे लावायचो. समोरून बघणारा म्हणे, वा, काय फिटिंग आहे! मी कोपऱ्यात उभी राहून मनात म्हणायचे, एकदा मागं वळ व माय, पाहू दे लोकांना.

मग कंपनीने सॅम्पलचं काम दुसऱ्या शहरात हलवलं आणि मी वाशीमला परत आले. माहेर रिठदचं, पण भावाच्या घरी बहीण किती दिवस गोड लागते ते मला कोणी शिकवायला नको. बसस्टँडमागच्या गल्लीत ब्लाउजचं दुकान टाकलं. अस्तराचे ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे ड्रेस. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नाही आणि श्रावणात माशा माराव्या लागतात, असा धंदा.

या दुकानात वहिनी यायची. ती काही माझी सख्खी वहिनी नव्हे. जऊळक्याच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथली. वाशीमला बाजाराला आली की माझ्या दुकानातल्या चिंध्या गोळा करून न्यायची, गोधडीसाठी. चिंध्या नेता नेता चहा व्हायला लागला, चहा घेता घेता ओळख. तिच्या पिशवीतून एकदा अर्धवट गोधडी डोकावली म्हणून मी ओढून पाहिली, आणि बाप्पा! काय टाके ते. एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे, या काठापासून त्या काठापर्यंत दोरा कुठे म्हणून ढळलेला नाही. पुण्याच्या माझ्या खोलीत असा हात एकीचाही नव्हता, माझा धरून.

वहिनी आणि तिचा नवरा दर साली दसरा झाला की ऊस तोडायला खाली सातारा-सांगलीकडे जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही, जोडी लागते. आईबाप निघाले की पोरंही निघतात. धाकटा लहान, त्याला सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी टाकायला थोरली पोरगी बरोबर. आठवीत ती तीन महिने शाळेत होती, नववीत त्याहून कमी. पण पोरगी चिवट. उसाच्या फडावर पुस्तक नेऊन वाचायची आणि पास व्हायची. आता ती दहावीत आली होती. दहावीचा पेपर काही फडावर देता येत नाही.

"ताई, या साली मले जायाचं नाई," वहिनी एकदा चहाची बशी खाली ठेवून म्हणाली. "इथंच कायी काम भेटलं त माणूस जऊळक्याले बाजारात पोते उचलीन म्हन्ते. पोरगी पेपर देईन. एक साल, बस. एक साल जमलं पाह्यजे."

मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार?

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. ही मॅडम पूर्वी आमच्याच कंपनीत शिकायला होती. सुईत दोरा ओवायला मी शिकवलं तिला. आता मुंबईत तिच्या नावाचं दुकान आहे, तिच्या कपड्यांचे फोटो मासिकांत येतात. तिला गोधडीच्या टाक्यांची जॅकेटं हवी होती. मी म्हटलं, माझ्याकडे असा हात आहे की तू बघतच राहशील. ती म्हणाली, नमुना पाठवा. पहिला लॉट पास झाला तर दसऱ्यापासून पुढे सहा महिने सलग काम देते.

दसऱ्यापासून सहा महिने! देवानेच गणित मांडून दिलं असं मला वाटलं. मी दुकान अर्धं बंद करून स्कूटीवर वस्तीवर गेले. वहिनीने पाच-सहा बायका जमवल्या. कागदावरचं जॅकेट पाहून त्यांची हसून पुरेवाट झाली.

"एवढ्या उन्हात गोधडी आंगात घालून हिंडतेत का व तिकडच्या बाया?" एकीने विचारलं.

"एसी असते त्याइच्याकडं," वहिनी म्हणाली. "आधी गारठा करतेत, मंग गोधडी घालतेत."

पहिला नमुना वहिनीने केला. मी कापून दिला, कड मशीनवर मारली, मधलं सगळं तिच्या हातचं. आठवडाभरात परत आला. मॅडमचा निरोप, टाके फार सरळ आहेत. मशीनचे वाटतात. गिऱ्हाईकाला कळलं पाहिजे की हाताचं काम आहे. थोडे वाकडे घाला.

हे वहिनीला कसं सांगायचं? मी सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिला नवऱ्याला टाकून ये म्हटलं.

"वाकडे कायले? मले का शिवता येत नाई का?"

"तुले येते व. त्याइले वाकडंच पाह्यजे."

"लहानपनी वाकडा टाका पडला त माय बोटावर मारे माह्या. आता वाकडा घालाचे पैसे देते का ते बाई?"

तीन वेळा नमुना गेला, तीन वेळा परत आला. वाकडं घालायला बसली तरी तिचा हात दोन ओळींनंतर आपोआप सरळ व्हायचा. शेवटी पोरगीला युक्ती सुचली. आईला म्हणाली, डाव्या हातानं घाल. डाव्या हाताचा नमुना मॅडमला फार आवडला. 'जिवंत' आहे म्हणाली. मग कापडाचं. जुन्या लुगड्याचा रंग हवा, पण जुनं लुगडं नको, रोगराईची भीती. म्हणून कोरं कापड आणून मी चहाच्या पाण्यात उकळून म्हातारं केलं. अख्ख्या गल्लीला वाटलं, हिने ब्लाउज सोडून हॉटेल टाकलं. फोटोवाला पोरगा आला तो वहिनीचं सिमेंटचं घर सोडून शेजारच्या पडक्या मातीच्या भिंतीपुढे तिला बसवून गेला. गाऊन काढून लुगडं नेसा म्हणाला. प्रत्येक जॅकेटला लावायला इंग्रजीत छापलेलं कार्ड आलं. पोरगीने शब्द जुळवत जुळवत वाचलं. हाताच्या कामात थोडी चूक असतेच, ती चूक म्हणजेच प्रेम, असं काहीतरी त्यावर लिहिलं होतं.

"चूक म्हन्जे पिरेम?" वहिनी म्हणाली. "मंग माह्या सासूनं लयच पिरेम केलं म्हनाव माह्यावर."

हसलो आम्ही त्या दिवसांत. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही. पावसाळाभर त्या बायका शेतातून आल्या की वहिनीच्या ओट्यावर बसायच्या. पोरगी बाजूला अभ्यास करायची, मधेच एखाद्या म्हातारीला सुईत दोरा ओवून द्यायची. वहिनीने मुकादमाला निरोप धाडला होता, यंदा आमचा कोयता धरू नका. मुकादम दारात येऊन गेला, दोन शब्द बोलून गेला, ती हलली नाही. पोळ्याच्या आधी लॉट तयार झाला. मी एकेक जॅकेट उजेडात धरून तपासलं. माझी नजर कडक आहे, पुण्यात मला खवीस म्हणायचे. एकातही खोट सापडली नाही. खोकी बांधून वाशीमहून ट्रान्स्पोर्टने मुंबईला रवाना केली. वहिनीने खोक्याला हात लावून नमस्कार केला.

मग काहीच नाही. फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये. गणपती गेले, पितृपक्ष लागला. वहिनी बाजाराला आली की दुकानाच्या पायरीवर उभी राहून नुसतं बघायची, विचारायचीसुद्धा नाही. मी मान हलवायचे.

घटस्थापनेच्या आसपास फोन आला. मॅडमचा नाही, तिच्या गोदामातल्या माणसाचा.

"ताई, तुमच्या मालात खायचं काय आहे?"

मी म्हटलं, दादा, रॉंग नंबर लागला तुम्हाला. त्याने व्हिडिओ कॉल लावला. मांडणीवर आमची जॅकेटं. त्याने एक उचलून दाखवलं. डावीकडचा खालचा कोपरा कुरतडलेला, आतला कापूस बाहेर. दुसरं. तोच कोपरा. तिसरं, चौथं, तोच. उंदरांना काही टेलरिंग येत नाही. कपड्याची चटक लागली असती तर वाटेल तिथे खाल्लं असतं. प्रत्येक जॅकेटचा डावा खालचा कोपरा शोधून काढून खातात म्हणजे तिथे काहीतरी असलं पाहिजे. ते काय असेल हे मला त्याच क्षणी कळलं.

आमच्याकडे गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा ठेवतात. गोधडीला घास द्यायचा. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो, असं म्हणतात. रिठदला माझी आईही ठेवायची. पण ते गोधडीला! कोटाला कोण घास भरवतं?

स्कूटी काढली आणि तशीच वस्तीवर गेले. वहिनीकडे एक नापास नमुना पडून होता, खुंटीला अडकवलेला. मी तो ओढला आणि कोपरा उसवला. तळहातावर भाकरीचा चुरा पडला. इतका बारीक कुटून, इतका पसरून ठेवलेला, की वरून बोट फिरवलं तरी लागू नये. माझा तोल गेला. मी त्या ओट्यावर उभी राहून जे तोंड सोडलं ते सगळ्या वस्तीने ऐकलं.

"अक्कल गहान ठेवली का तुमी? कोट हाय तो, कोट! मुंबईच्या बायाच्या आंगावर जानार होता. भाकर कायले घातली?"

वहिनी घाबरली नाही. तिला माझं बोलणंच समजलं नाही.

"मंग उपाशी धाडाव का?" ती म्हणाली. "पयलं काम होतं ताई. लेकीच्या सालाचं काम. ते उपाशी कसं धाडाव?"

बाकीच्या बायाही तेच. कोणी काही लपवलं नव्हतं, मला सांगायचं असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. गाठ मारली हे कोणी सांगतं का? तसंच ते. मी खाली बसले. रागाला बसायला जागाच उरली नाही.

मी मॅडमला फोन लावत राहिले, शेवटी उचलला. मी सगळं सांगितलं. गयावया केली, होय, केली. म्हटलं, परत पाठव, कोपरे उसवून साफ करून नवीन कापूस घालून देतो, आमच्या खर्चाने. पुढच्या कामाला माझी जबाबदारी, कण सापडला तर माझं नाव बदल. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली,

"ताई, किती सुंदर आहे हे! कपड्याला घास! माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही त्यांचा एक व्हिडिओ करून पाठवाल का, घास ठेवतानाचा?"

मला वाटलं, जमलं. देवा, जमलं!

"आणि लॉट?" मी विचारलं.

"लॉट नाही घेता येणार. हायजीनचा प्रश्न आहे. बाहेरच्या देशातल्या बायरने तर आता गोधडी नकोच सांगितलंय. पण ही गोष्ट मला कुठेतरी वापरायची आहे."

त्यानंतर मी मॅडमला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. वऱ्हाडी बोलले एवढंच सांगते. त्याचा उपयोग शून्य. ती माझ्याहून वाईट बाई आहे असंही मी म्हणणार नाही, तिच्या डोक्यावर दुसरी कोणी मॅडम असेल, तिच्यावर तिसरी. पण त्या दिवशी मला तिचा गळा धरावासा वाटला आणि आजही वाटतो.

खोकी परत आली. वाशीमच्या दोन दुकानांत मी जॅकेट दाखवलं. एक दुकानदार म्हणाला, पोळ्याच्या बैलाले घालाचं का? बायकांनी ती जॅकेटं उसवली, चांगला भाग घेतला आणि गोधड्या करून टाकल्या. फडावर थंडी फार असते.

मुकादम परत आला. आता त्याची वेळ होती. वहिनीने हो म्हटलं.

मी तिला म्हटलं, पोरगीला माझ्याकडे ठेव. दुकानामागची खोली आहे, दोघी राहू, पेपर देऊ दे तिला. वहिनीने धाकट्याला जवळ ओढलं. मग म्हणाली, "लहान्याले कोन पाहीन? मागल्या साली फडावर एकीचं लेकरू ट्रॅक्टरखाली गेलं, ती उसातच होती." पोरगी तिथेच बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती भावाच्या शर्टाचं बटण लावत होती. "जातो मी मावशी," ती म्हणाली. "पुढल्या साली देईन." मला रडूच आलं, आणि मला रडू आलेलं आवडत नाही, म्हणून मी तिच्यावरच खेकसले. पुढलं साल पुढलं साल करत म्हातारी होशीन म्हटलं. काही झालं तरी ते बोलायला नको होतं.

ट्रक सकाळी निघाला. मी गेले नव्हते. कशाला जायचं?

हिवाळाभर मी ब्लाउज शिवले. मार्चमध्ये दहावीच्या पोरी शाळेच्या ड्रेसमध्ये दुकानासमोरून परीक्षेला जायच्या, हातात पॅड, तोंडात पुटपुटत काहीतरी. मी पडदा ओढून घ्यायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, आत उजेड नाही. मी म्हणायचे, मला दिसतं.

वैशाखात एका दुपारी वहिनी आली. सोबत पोरगी. दोघी उन्हाने काळ्या पडलेल्या, वहिनीच्या हाताला उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघाच रेघा. पिशवीतून तिने हिरवं ब्लाउजपीस काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हिचं जमवलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, काहून?

"कोपीवर एकटी राहे दिवसभर. आमी फडात. ट्रॅक्टरवाले येतेत, गाडीवाले येतेत. दोन डाव मी धावत आली उसातून. किती डाव धावीन ताई?" तिचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "पोरगं बरं हाय. यंदा त्याचाबी कोयता होईन, जोडी पाह्यजे होती त्याले."

मी वय सांगितलं, कायदा सांगितला, पोलीस म्हटलं, शाळेच्या सरांना सांगते म्हटलं. वहिनी ऐकून घेत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "सांग. मंग फडावर तिच्यापाशी कोन बसते तेबी सांग." याच्यावर माझ्याकडे काय होतं? एक ब्लाउजचं दुकान.

मी टेप घेतली. पोरगी समोर उभी राहिली, हात थोडे वर करून. छाती, कंबर, दंड. हाडंच लागत होती टेपला. मी मान खाली घालून आकडे लिहीत होते, तिच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "आतून कापड जास्त सोडजो."

"सोडतो. दोन बोटं सोडतच असतो."

"तसं नाई. उंचीलेबी सोड. बाहीलेबी." तिने खांद्यापासून खाली हात फिरवून दाखवलं. "मी आजून वाढून राह्यली."

वहिनी दारातून रस्त्याकडे बघत होती. मी खडू घेतला आणि नवरीच्या ब्लाउजला, शाळेच्या पोरींच्या ड्रेसला सोडते तसं, खाली चार बोटं कापड सोडलं.